मी भामाबाईची पावलं खाल्ली

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. मनगटाला बांधायचा, काळा, रबरी, पावलं मोजणारा. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की बहुतेक गळा काढतात. मी गळा काढणार नाही. माझं डोकं फिरलेलं आहे, आणि ते का फिरलं एवढं तुम्ही ऐकून घ्या.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. कुठल्या देशात, ते मला ठाऊक नाही. खोक्यात बसून आलेल्याला वाट दिसत नाही. माझ्या पोटात तांदळाच्या दाण्याएवढा एक तुकडा बसवला. हालचाल ओळखायचं काम त्याचं. मग माझी परीक्षा झाली. बूट घातलेली, झकपक कपड्यातली तरणीताठी पोरं मला बांधून गुळगुळीत जमिनीवर हात झुलवत चालली. हात पुढं गेला, मागं आला की पाऊल मोजायचं, एवढंच मला शिकवलं. पायाशी माझी ओळख कुणी करूनच दिली नाही. मी पास झालो, आणि खोक्यावर छापलं, ‘अचूक’. ते छापणारा अजून माझ्या तावडीत सापडलेला नाही.

असे आम्ही चाळीस पट्टे एका खोक्यातून लातूरला आलो. मुरुडकडं जाणाऱ्या रस्त्यावर एक मोठी मेस आहे. डॉक्टर व्हायचं म्हणून गावोगावच्या पोरी लातूरला क्लासला येतात. त्यांची तीन वसतिगृहं, आणि तिन्हींना मिळून एकच स्वयंपाकघर. तिथले व्यवस्थापक मल्लिनाथ सर. माणूस मनानं वाईट नाही, असं लोक म्हणतात. लोकांना म्हणू द्या. हे सर कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि त्यांच्या डोक्यात भुंगा शिरला, की आपल्या माणसांचं आरोग्य सुधारायचं. भिंतीवर पाटी लागली, ‘रोज सहा हजार पावलं’. आम्हाला नंबर घातले आणि एकेकाच्या मनगटाला बांधलं. मी सतरा नंबरचा. मी भामाबाईच्या वाट्याला आलो.

भामाबाई मुरुडची. पन्नाशी ओलांडलेली, अंगानं काटक, बोलायला थोडी. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. घरात बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, आणि फोटोखाली मुलीची पुस्तकं. मुलगी ज्योत्स्ना नांदेडला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिचं शिक्षण भामाबाईच्या या एका कामावर चाललं होतं. हे काम गेलं की पोरीला शेवटच्या वर्षी घरी यावं लागणार, हे मायलेकी दोघींनाही माहीत होतं.

सुरुवातीला तिनं माझं कौतुक किती केलं म्हणून सांगू. रोज पदरानं पुसायची. आंघोळीच्या वेळी काढून फळीवर ठेवायची, कुणाचा धक्का लागू नये म्हणून मागं सरकवायची. बसमध्ये शेजारणीला हात पुढं करून दाखवायची.

“ह्याच्यात म्हणं आपलं चालणं लिहून राहतंय,” ती म्हणायची. “इतकी वर्सं गाडा ढकलला, कुणी लिहून न्हाई ठेवलं. आता तरी लिहिलं जाईल.”

हे ऐकून मी फुशारलो होतो. मूर्ख कुठला.

आता तिचं काम काय, ते ऐका. स्वयंपाकघरातून जेवण तिन्ही वसतिगृहांना पोचवायचं. वरणाचे टोप, भाताची पातेली, भाकरीच्या टोपल्या एका लोखंडी हातगाड्यावर चढवायच्या आणि गाडा ढकलत न्यायचा. नाश्ता, दुपारचं जेवण, संध्याकाळचं जेवण, आणि तीन इमारती, म्हणजे दिवसाच्या नऊ खेपा. सगळ्यात लांबची इमारत अर्धा किलोमीटरवर. रस्त्यात एक चढ, एक फुटकं गटार. तिथं पोचलं की टोप डोक्यावर घ्यायचा, एका हातानं तो धरायचा, दुसऱ्या हातात ताकाची बादली, आणि दोन जिने चढायचे.

आता सांगा, यात हात झुलतो कुठं? गाडा ढकलताना दोन्ही हात दांड्याला गच्च. जिना चढताना एक हात टोपाला, एक बादलीला. ती घामानं निथळायची, धापा टाकायची, आणि मी तिच्या मनगटावर ढिम्म बसून राहायचो. माझ्या लेखी ती बसलेली होती. संध्याकाळी ती टोप घासायला घ्यायची, तिचा हात भराभर फिरायचा, तेव्हा मला जाग यायची आणि मी चार-पाचशे पावलं लिहून टाकायचो. घासलेली भांडी मी मोजली, आणि चाललेल्या वाटेवर पाणी सोडलं.

तिकडं स्वयंपाकघरात सिद्धम्मा होती. उदगीरकडची, गळ्यात लिंग, वयानं भामाबाईपेक्षा चार वर्षं मोठी. भामाबाई तिला अक्का म्हणायची. सकाळी लिंगपूजा करताना ती पट्टा काढून ठेवायची, पूजा झाली की परत बांधायची, आणि भट्टीपुढं बसायची ती दुपारपर्यंत उठायची नाही. उठणार कशी? दोन्ही गुडघे गेलेले. पण भाकरी अशी थापायची की लातुरात जोड नाही. तिच्या एकटीच्या वाट्याला रोजच्या अडीचशे ज्वारीच्या भाकरी, आणि एका भाकरीला पन्नास थापा. तिच्या मनगटावरचा माझा भाऊबंद थापेगणिक एक पाऊल लिहायचा. बसल्या जागी सिद्धम्मा रोज बारा-तेरा हजार पावलं चालत होती.

भाकरीला सिद्धम्मा आणि गाड्याला भामाबाई हे कुणी ठरवलं, असं विचाराल तर कुणीच ठरवलं नाही. ते आपोआप ठरलं. ताटातली भाकरी कुणी थापायची आणि दाराबाहेरचा गाडा कुणी ढकलायचा, हे आमच्याकडं अजून आपोआप ठरतं. माझा त्याच्यावरही राग आहे.

दर शनिवारी जेवणाच्या हॉलमध्ये मल्लिनाथ सर माईक घेऊन प्रत्येकाची रोजची सरासरी वाचायचे. समोर जवळच्या दोन वसतिगृहांतल्या पोरी जेवत असायच्या; त्या दिवशी त्यांचं जेवण तिथंच.

“सिद्धम्मा मावशी, तेरा हजार दोनशे. टाळ्या वाजवा. वॉचमन बसवंत, नऊ हजार.”

हा बसवंत दिवसभर गेटवर खुर्चीत बसून असतो. त्याला गुडघा हलवायची खोड, आणि हात गुडघ्यावर. झाले नऊ हजार.

“भामाबाई मावशी,” सर थांबले, चष्मा वर केला. “आठशे बारा.”

पोरी हसल्या. भामाबाई टोपली खाली ठेवून पुढं आली. “सर, मी तर दिसभर गाडा ढकलून राहिले. नऊ खेपा होतेत.”

“मावशी, यंत्राला ना जात ना नातं. यंत्र खोटं बोलत नाही.”

खोटं बोलत नाही म्हणे. अरे, मला तोंड असतं तर मी त्याच माईकवर बोंब मारली असती. पण मला होती फक्त एक इवलीशी काच, आणि त्या काचेवर आठशे बारा.

असे पाच शनिवार गेले. मग सरांनी नवा नियम काढला: सलग सहा आठवडे सहा हजारांच्या खाली असेल, त्याला पुढच्या महिन्यापासून कामाला घ्यायचं नाही. आरोग्य गेलं उडत. आता ती कामचोर शोधायची मोहीम झाली होती. भामाबाईनं हे ऐकलं आणि तिच्या हातातलं वगराळं वरणात पडलं. सिद्धम्मानं वर बघितलं.

“भामे, हे घड्याळ काय तरी घोळ करून राहिलंय ग. मला इथून मोरीपतूर जायचं म्हटलं तर देव आठवतो, अन् माझे तेरा हजार कशाचे?”

“सरांना सांगा की अक्का.”

“सांगितलं. म्हणतेत, मावशी, लाजू नका.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ज्योत्स्नाचा फोन आला. भामाबाईनं मला बांधलेल्या हातानंच फोन कानाला लावला, म्हणून मला सगळं ऐकू आलं. भामाबाईनं आठशे बाराचं सांगितलं, तशी पोरगी म्हणाली,

“आई, ते हात हलला तरच मोजतं. गाडा ढकलताना तू हात गच्च धरतीस ना?”

“मग काय सोडून ढकलू?”

“तसं न्हाई ग. सरांना नीट समजावून सांग.”

भामाबाईनं सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं, हसले आणि म्हणाले, “मुलगी हुशार आहे तुमची. आईला सबबी शिकवून राहिली.”

पोरीचं नाव निघाल्यावर भामाबाई गाड्याकडं वळली. पण तिला काम टिकवायचं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारची शेवटची खेप संपली. तिनं गाडा लावला आणि स्वयंपाकघरामागं, गॅसच्या टाक्या ठेवतात तिथं गेली. इकडंतिकडं बघितलं. मग भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि एका जागी हात हलवायला लागली, पुढं-मागं, पुढं-मागं. मित्रांनो, मी टणाटण मोजायला लागलो. सकाळपासून ती सहा खेपा चालली तेव्हा मी मेलो होतो. आता ती उभी होती तर माझ्या अंगात आलं. सहा खेपा करून दमलेली बाई, आपण चाललो हे पटवून द्यायला, भिंतीआड चोरासारखी हात हलवते आहे. एवढी लाज मला जन्मात कधी वाटली नाही. ती हलवता हलवता काचेकडं बघत होती आणि पुटपुटत होती, “झाली का रं बाबा हजार?”

मल्लिनाथ सर तिथं टाक्या मोजायला आले. त्यांनी बघितलं आणि मोबाइल काढून चित्रण केलं.

शनिवारी माईकवर तिचा आकडा वाचलाच नाही. तीनशे पोरींसमोर सर म्हणाले, “सतरा नंबर, भामाबाई. फसवणूक. महिनाअखेर शेवटचा दिवस.”

बसवंतचा गुडघा कुणाला दिसला नाही. खुर्चीत बसून नऊ हजार करणारा सुटला, बसून तेरा हजार करणारीला टाळ्या, आणि खरी चालणारी तेवढी फसवी ठरली. भामाबाई मान खाली घालून वरण वाढत राहिली. ज्योत्स्नाला तिनं हे कळू दिलं नाही. फोन आला की परीक्षेचंच विचारायची.

महिनाअखेरीला सत्कार ठेवला होता. सगळ्यात जास्त चालणाऱ्या कर्मचाऱ्याला शाल, नारळ आणि प्रशस्तिपत्र. संस्थेचे अध्यक्ष अमृतराव पाहुणे. जेवणाच्या हॉलमध्ये लाकडी मंच उभारला, त्याला तीन पायऱ्या. जवळच्या दोन वसतिगृहांच्या पोरी ताटं घेऊन बसलेल्या. सत्कार झाला की जेवण. भामाबाईचा तो शेवटचा दिवस. तिनं गाडा भरून दारात आणून उभा केला होता आणि ती दाराशीच थांबली होती.

“रोज सरासरी तेरा हजार पावलं,” मल्लिनाथ सर म्हणाले, “आपल्या सगळ्यांसाठी आदर्श. सिद्धम्मा मावशी, मंचावर या.”

सिद्धम्मा उठली. म्हणजे उठायला लागली. एक हात जमिनीला, एक हात भिंतीला. उभी राहिली, गुडघा धरला, दोन पावलं टाकली, थांबली. हॉलमधल्या टाळ्या वाजून वाजून थकल्या तरी ती अर्ध्यावरच होती. पहिल्या पायरीवर तिनं पाय ठेवला, तो वर उचलेना. दोन पोरी धावल्या, त्यांनी काखेत हात घातले. तिसरी पायरी त्यांनीच तिला उचलून चढवली.

अमृतराव शाल हातात धरून बघत होते. “अहो मल्लिनाथ, ह्या बाईंना तीन पायऱ्या चढवंनात. तेरा हजार पावलं कुणाची?”

“साहेब, आकडा यंत्राचा आहे.”

“शरणार्थ साहेब,” सिद्धम्मानं हात जोडले. तिनं शाल घेतली नाही. “मी सांगते कुणाची ते.” तिनं पट्टा बांधलेला हात त्यांच्या तोंडापुढं धरला. मग डावा तळवा पुढं करून त्यावर उजव्या हातानं भाकरी थापायला लागली. पीठ नाही, परात नाही, नुसती थाप. “आता बघा वाढतंय का.”

अमृतरावांनी वाकून बघितलं. काचेवर आकडा चढत होता.

“ही माझी पावलं. बसून केलेली. अन् ती दारात उभी हाय, ती खरंच चालती. तिला तुमच्या सरांनी चोर म्हणलं. ही शाल पांघरून मी तिच्या तोंडाकडं कसं बघू?”

पोरी हसायला लागल्या होत्या त्या थांबल्या.  मग मोठ्या माणसाला शोभेल असा तोडगा अमृतरावांनी काढला. “बरोबर आहे. हाताची चूक आहे. मग पायाला बांधा की.”

“पायाला जनावराच्या बांधतेत, साहेब,” दारातून भामाबाई म्हणाली.

ती पुढं आली. मंचाजवळ उभं राहून तिनं मला सोडलं आणि टेबलावर नारळाशेजारी ठेवलं. 

“आज माझा शेवटचा दिस हाय. पण पोरी उपाशी हायेत, शेवटच्या इमारतीचा गाडा भरून दारात उभा हाय. सरांनी हे आपल्या हाताला बांधावं अन् एक खेप करावी. एकच. मी नऊ करते.”

अध्यक्षांसमोर नाही कसं म्हणणार? मल्लिनाथ सरांनी मला बांधलं. मऊ मनगट, अत्तराचा वास. माझा आकडा शून्यावर आणला आणि आम्ही निघालो. निम्मा हॉल मागं. चढावर गाडा मागं येऊ लागला तेव्हा त्यांनी दांडा असा आवळला की त्यांच्या बोटांची पेरं पांढरी पडली. गटारात चाक अडकलं. वरण सांडलं, त्यांच्या विजारीवर उडालं. इमारतीशी पोचल्यावर टोप डोक्यावर घ्यायला दोनदा उचलला आणि दोनदा खाली ठेवला. तिसऱ्यांदा भामाबाईनं तो उचलून त्यांच्या डोक्यावर दिला. दोन जिने चढताना माणूस चार वेळा थांबला. परत आले तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला, तोंडाला कोरड.

अमृतरावांनी त्यांचं मनगट धरलं, माझी काच वाचली. “एकेचाळीस.”

मल्लिनाथ सरांनी माझ्याकडं बघितलं. एकदा, दोनदा. मग म्हणाले, “साहेब, हे यंत्र बिघडलंय.”

ऐकलंत? मी तसूभरही बदललो नव्हतो. तोच पट्टा, तीच अक्कल, तोच गाडा. सहा आठवडे भामाबाई घसा कोरडा करून सांगत होती तेव्हा मी अचूक होतो, आणि ती चोर होती. सरांनी एक खेप ढकलली, आणि मी बिघडलो. स्वतःच्या पावलांबद्दल त्यांना माझी साक्ष लागली नाही.

अमृतरावांनी तिथंच सांगितलं, पट्टे बंद, बाईंना कामावर ठेवा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मल्लिनाथ सर रुमालानं घाम पुसत म्हणाले, “मावशी, झालं ना आता? चला, वाढायला घ्या.”

“न्हाई झालं,” भामाबाई म्हणाली. ती गाड्याला हात न लावता उभी होती. “माझं नाव माईकवर वाचलं होतं. त्याच माईकवर परत वाचा.”

“मावशी, समजलं की सगळ्यांना.”

“समजलं आसंल. पण ऐकू न्हाई आलं.”

हॉलमध्ये तीनशे ताटं रिकामी होती आणि एकही पोर भाकरी मागत नव्हती. सिद्धम्मा मंचावरच्या खुर्चीत बसून होती, तीही उठेना. शेवटी सरांनी माईक तोंडाशी धरला आणि खालच्या आवाजात म्हणाले, “सतरा नंबर. भामाबाई. फसवणूक केली नाही.”

“मोठ्यानं,” भामाबाई म्हणाली. “त्या दिशी मोठ्यानं वाचलं होतं.”

सरांनी मोठ्यानं वाचलं. मग तिनं पदर खोचला आणि वाढायला घेतलं.

मित्रांनो, आता मी कोठीत, रिकाम्या पोत्यांखाली पडून आहे. माझी बॅटरी मेली आहे. वस्तू आपल्या कहाणीच्या शेवटी म्हणतात, आमची निगा राखा, आम्हाला पुसा, जपा. मी तसलं काही मागणार नाही. मला पुसू नका, मी त्याच लायकीचा आहे. मागायचं आहे ते एवढंच. उद्या तुम्हीही कुणी तरी मोठे व्हाल, तुमच्या हाताखाली माणसं असतील आणि समोर माझ्यासारखा एखादा आकडा. तो वाचण्याआधी त्या माणसाचा गाडा एकदा ढकलून बघा. तेवढं होणार नसेल, तर निदान तो माणूस सांगत असेल तेव्हा त्याचं ऐका.